ध्वनिसंकोचन आणि काकु : ध्वनिमुद्रित भजनाच्या समीक्षेसंबंधी काही विचार

१

मराठीतील संगीतसमीक्षेने राग, ताल, बंदिश, घराणे आणि शब्दोच्चार या अंगांची चिकित्सा जितक्या बारकाईने केली आहे, तितक्या बारकाईने आवाजाच्या लहानमोठेपणाची केलेली नाही. ‘आवाज भरदार आहे’, ‘गायन सपाट वाटते’, ‘शब्द अंगावर येतो’ अशी विधाने समीक्षेत वारंवार आढळतात. परंतु ती प्रत्यक्ष गायनाविषयी आहेत की ध्वनिमुद्रणाविषयी, हे बहुधा स्पष्ट केलेले नसते. मैफलीत बसून गाणे ऐकणाऱ्या समीक्षकाच्या बाबतीत हा भेद फारसा उपस्थित होत नाही. ध्वनिमुद्रिकेवरून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र तो मूलभूत ठरतो. कारण गायकाच्या कंठातून निघालेला चढउतार आणि श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचलेला चढउतार यांच्यामध्ये बहुधा एक यंत्र उभे असते, आणि हा चढउतार आवरणे हेच त्या यंत्राचे कार्य असते.

ध्वनिमुद्रणाच्या व्यवहारात या यंत्राला ‘कॉम्प्रेसर’ म्हणतात. त्याच्या क्रियेसाठी येथे ‘संकोचन’ ही संज्ञा योजिली आहे. संगणकावर गाण्याची फाइल आकाराने लहान करण्याच्या क्रियेलाही लोक कॉम्प्रेशनच म्हणतात. परंतु ती क्रिया निराळी. तिच्यात माहितीचा संकोच होतो. येथे अभिप्रेत असलेला संकोच हा मोठ्या आणि लहान आवाजांमधील अंतराचा आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की संकोचन झालेली मुद्रिका स्वर आणि लय यांविषयी बव्हंशी विश्वसनीय साक्ष देते. आवाजाच्या चढउताराविषयी मात्र ती साक्षीदार नसून भाष्यकार असते. या दोन भूमिकांची गल्लत झाली म्हणजे गायकाचा गुण यंत्राच्या पदरी आणि यंत्राचा दोष गायकाच्या माथी जातो. विवेचनासाठी विठ्ठलभजन हा प्रकार निवडला आहे. कारण त्यात शब्द, टाळ आणि पखवाज या तिघांचे बलाबल इतके नाजूक असते, की संकोचनाचा परिणाम तेथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो.

२

आवाजाच्या चढउताराला अर्थ असतो, हा विचार भारतीय परंपरेत नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचे सहा अलंकार सांगितले आहेत : उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. यांतील पहिल्या चारांचा संबंध वाणीच्या उंचीशी व जोराशी आहे, आणि शेवटच्या दोहोंचा गतीशी. ज्या उच्चारभेदामुळे त्याच शब्दांचा आशय पालटतो, त्याला काकु म्हटले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने संगीतरत्नाकर रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने काकूचे सहा प्रकार मानले : स्वरकाकु, रागकाकु, अन्यरागकाकु, देशकाकु, क्षेत्रकाकु आणि यंत्रकाकु. क्षेत्र म्हणजे गायकाचे शरीर. प्रत्येक कंठाची छाया निराळी, म्हणून क्षेत्रकाकु. यंत्र म्हणजे वीणादी वाद्य. त्याच्या जातीमुळे रागाला येणारी छाया ती यंत्रकाकु.

शार्ङ्गदेवाच्या मनात ध्वनिमुद्रणाचे यंत्र असणे शक्य नव्हते, हे उघड आहे. तथापि त्याने केलेला भेद आजच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. मुद्रिकेत ऐकू येणारी छाया गायकाच्या शरीराची आहे की यंत्राची, म्हणजेच ती क्षेत्रकाकु आहे की यंत्रकाकु, हा तो प्रश्न होय. दोन्ही छाया कानाला एकत्रच येतात. त्यांचे पृथक्करण करणे हे समीक्षेचे काम आहे. ते करावयाचे, तर प्रथम यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे.

३

संकोचकाची क्रिया चार गोष्टींनी ठरते. पहिली म्हणजे उंबरठा : ज्या पातळीच्या वर आवाज गेला असता यंत्र कामाला लागते, ती पातळी. दुसरी म्हणजे प्रमाण : उंबरठ्यावर चढलेल्या आवाजाचा किती अंश पुढे जाऊ द्यावयाचा. तिसरी आणि चौथी कालाशी संबंधित आहे : आवाज वाढल्यानंतर यंत्राने त्याला आवरण्यास घेतलेला वेळ, आणि आवाज उतरल्यानंतर आवर सोडण्यास घेतलेला वेळ. पहिल्यास आवरकाल व दुसऱ्यास सोडकाल म्हणता येईल.

एक हिशोब मांडला असता ही क्रिया स्पष्ट होते. अंकीय मुद्रणात कमाल पातळी शून्य डेसिबल धरून बाकीच्या पातळ्या ऋण आकड्यांनी दाखवितात. समजा, एका भजनात गायकाचा सर्वांत हळू उद्गार उणे ४० डेसिबलवर आणि सर्वांत मोठा उणे ८ डेसिबलवर आहे. दोहोंतील अंतर ३२ डेसिबल. उंबरठा उणे २० वर आणि प्रमाण चारास एक असे ठेवले, तर मोठा उद्गार उंबरठ्याच्या १२ डेसिबल वर जाण्याऐवजी केवळ ३ डेसिबल वर जातो, म्हणजे उणे १७ वर थांबतो. हळू उद्गाराला यंत्र हात लावीत नाही. यानंतर गेलेला जोर भरून काढण्यासाठी सबंध मुद्रणाची पातळी ९ डेसिबलने वाढविली जाते. परिणामी मोठा उद्गार पूर्ववत् उणे ८ वर येतो, आणि हळू उद्गार मात्र उणे ४० वरून उणे ३१ वर चढतो. अंतर ३२ चे २३ झाले.

या हिशोबातून निघणारा निष्कर्ष सामान्य समजुतीच्या उलट आहे. संकोचन मोठा आवाज दाबते, अशी समजूत आहे; शेवटी घडते ते असे, की लहान आवाज वर येतो. तानपुऱ्याचा गुंजारव, पेटीच्या भात्याचा आवाज, गायकाचा श्वास, मुद्रणशाळेतील भिंतींचे प्रतिध्वनी हे सर्व नऊ डेसिबलने जवळ येतात. पुष्कळ मुद्रिकांत गायक ‘कानाशी बसून गातो’ असे जे वाटते, त्यामागे ध्वनिग्राहक जवळ ठेवण्याइतकाच या क्रियेचाही वाटा असतो.

कालाच्या बाबतीत निरनिराळ्या यंत्रांचे स्वभाव निरनिराळे आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रसिद्धीस आलेल्या दोन यंत्रांची तुलना उद्बोधक ठरेल. टेलेट्रॉनिक्स कंपनीच्या एलए-२ए या यंत्रात आवाजाच्या जोरावर एक प्रकाशस्रोत उजळतो आणि त्याचा प्रकाश पडणाऱ्या घटकाचा विद्युत्‌रोध बदलून आवाज आवरला जातो. त्याचा आवरकाल सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागाइतका. आवर मात्र अर्धा चटकन आणि उरलेला सावकाश सुटतो. याउलट बिल पुटनम यांनी ट्रान्झिस्टरांच्या आधारे रचलेल्या ११७६ या यंत्राचा आवरकाल सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागापर्यंत खाली आणता येतो. पहिले यंत्र स्वराच्या ओघाला आवरते, दुसरे व्यंजनाच्या स्फोटालाही पकडू शकते. संगणकावरील आजची पुष्कळ साधने या जुन्या यंत्रांच्या स्वभावाचेच अनुकरण करतात. म्हणून हा भेद केवळ ऐतिहासिक नाही.

४

आता भजनाकडे वळता येईल. भजनी ठेका आठ मात्रांचा. लय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. टाळाचा आघात क्षणार्धात कमाल जोरावर पोहोचतो. त्याचा माथा उंच, पण सरासरी जोर त्या मानाने थोडा. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, त्यामुळे तिचा नाद खोल आणि ऊर्जेने भारी असतो. गायकाचा स्वर या दोहोंच्या मधून वाहतो. गायक, टाळकरी आणि पखवाजी यांचे एकत्रित मुद्रण एकाच संकोचकातून नेले, तर यंत्राला कोण मोठ्याने बोलले एवढेच कळते. कोणाला आवरावयाचे हे कळत नाही. पखवाजावर थाप पडताच ते सबंध मुद्रण खाली ओढते, आणि थापेसोबत गायकाचा स्वरही खाली जातो.

येथे सोडकालाला महत्त्व येते. तो अर्ध्या सेकंदाहून पुष्कळ मोठा असेल, तर पुढची थाप येईपर्यंत आवर सुटलेला नसतो. गायक सबंध आवर्तनभर दबलेला राहतो, आणि समीक्षक लिहितो की ‘आवाजात जोम नाही’. तो फार लहान असेल, तर दोन थापांच्या मधल्या जागेत गायकाचा स्वर फुगतो आणि थापेबरोबर पुन्हा बसतो; एका लांब स्वरावर, गायकाने न घेतलेले, ठेक्याच्या तालावर हेलकावे ऐकू येतात. असा हेलकावा कधी कधी कर्णमधुरही वाटतो, आणि ‘गायक ठेक्याशी एकजीव झाला आहे’ अशी प्रशंसा त्याला मिळण्याचा संभव असतो. ही प्रशंसा यंत्रकाकूची असते, क्षेत्रकाकूची नव्हे. जाणकार मुद्रक यावर उपाय करतात. गायक आणि वाद्ये यांचे मुद्रण स्वतंत्र ठेवतात, किंवा संकोचकाला खर्जातील ऊर्जा ऐकूच येणार नाही अशी योजना करतात, म्हणजे पखवाजाच्या डाव्या अंगामुळे गायक खाली जात नाही. तात्पर्य, दोष संकोचनात नाही. अविवेकी संकोचनात आहे.

शब्दाच्या बाबतीत परिणाम याहूनही सूक्ष्म आहे. ‘विठ्ठल’ या एका शब्दाचा विचार पुरेसा ठरेल. त्यात ‘ठ’चे द्वित्व आहे. असे द्वित्व उच्चारताना जीभ टाळूला टेकून क्षणभर थांबते. त्या क्षणी कंठातून बाहेर जवळजवळ काहीच येत नाही. नंतर अडविलेला श्वास महाप्राणासह सुटतो. म्हणजे या शब्दाचे सामर्थ्य एका लहानशा शांततेत आणि तिच्यामागून येणाऱ्या स्फोटात आहे. नामघोषात शेकडो कंठ एकाच क्षणी थांबून एकाच क्षणी सुटतात, त्या सामुदायिकतेचा प्रत्ययही तेथेच येतो. आता आवरकाल अतिशय लहान असलेला संकोचक त्या स्फोटाचा माथा छाटतो, आणि सोडकाल लहान असल्यास आधीची शांतता पेटीच्या व तानपुऱ्याच्या नादाने भरून काढतो. शब्द तोच राहतो, स्वर तोच राहतो, मात्राही ढळत नाही. परंतु थांबणे आणि सुटणे यांतील अंतर बुजते. याउलट आवरकाल थोडा मोठा ठेवला, तर स्फोट निसटून जातो आणि त्यामागचा स्वर आवरला जातो. शब्द अधिक टोकदार ऐकू येतो. दोन्ही परिणाम मूळ उच्चाराहून भिन्नच आहेत. म्हणूनच मुद्रणातील शब्दोच्चारावरून गायकाच्या शब्दनिष्ठेचा निर्णय देणे धोक्याचे ठरते.

गायकागणिकही परिणाम पालटतो. पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगगायनात टाळ, पखवाज आणि पेटी यांचा भरणा सलग असतो आणि आवाज भरदार. तेथे चढउतार थोडा आवरला गेला, तरी आशयाची हानी मर्यादित राहते. कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) निर्गुणी भजनांची गोष्ट वेगळी. तेथे साथ विरळ, तानपुऱ्यांचा नाद सर्वत्र पसरलेला, आणि उद्गार तुकड्यातुकड्यांत येतो : एक तुकडा झळाळून उठतो, दुसरा कुजबुजीइतका हळू होऊन विरतो. या गायनात लहान आवाज हा मोठ्या आवाजाचा अभाव नसून स्वतंत्र विधान आहे. त्यावर जड संकोचन केले, तर विरणारा तुकडा विरत नाही. तो पुढे येऊन उभा राहतो. क्षयरोगातून उठलेल्या या गायकाने श्वासाच्या मर्यादेतून जी शैली घडविली तिचा अभ्यास करू पाहणाऱ्याच्या हाती, तिच्या नेमक्या मर्मस्थानी, यंत्राचे मत येते.

५

मग संकोचन करावेच कशाला, असा प्रश्न उद्भवतो. त्याचे उत्तर माध्यमाच्या आणि श्रवणस्थळाच्या मर्यादांत आहे. लाखेच्या मुद्रिकेचा पृष्ठभाग स्वतःच खरखर करीत असे. तिच्यावरून सुमारे ४० डेसिबलपेक्षा अधिक अंतर निघणे कठीण. १९२५ पूर्वीच्या कर्ण्यात गाऊन केलेल्या मुद्रणात गायकाने मोठ्या स्वराच्या वेळी मागे सरावे आणि हळू स्वराच्या वेळी पुढे यावे, अशी रीत होती. संकोचकाचे काम शरीरच करीत असे. नभोवाणीच्या मध्यम लहरींवर आवाज ठराविक मर्यादेपलीकडे गेला, तर ध्वनी फाटतो, आणि फार खाली राहिला, तर वातावरणातील खरखरीत बुडतो. म्हणून नियंत्रणकक्षातील माणसाचा हात सतत गुंडीवर असे. त्या हाताचे काम स्वयंचलित करणारे यंत्र वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने अमेरिकेत १९३७ मध्ये बाजारात आणले. १९५५–५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण घरोघर पोहोचले, तेही मध्यम लहरींच्या याच अरुंद पट्ट्यातून. पुढे ध्वनिफीत आणि मग तबकडी आली. तबकडीत तत्त्वतः ९६ डेसिबल इतके अंतर मावते. माध्यमाची अडचण अशा रीतीने दूर झाली. श्रवणस्थळाची मात्र झाली नाही.

या दृष्टीने शहाड हे स्थळ विचारात घेण्याजोगे आहे. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर कल्याणच्या पुढचे हे पहिले स्थानक. एका बाजूस उल्हास नदी, जवळच सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, आणि बिर्ला मंदिर म्हणून परिचित असलेले विठ्ठलमंदिर. आषाढी एकादशीस तेथे भाविकांची मोठी रीघ लागते. अशा स्थळी विठ्ठलभजनाच्या एकाच मुद्रिकेचे किमान तीन श्रोते संभवतात. एक, घरात शांतपणे ऐकणारा. दुसरा, उत्सवाच्या गर्दीत कर्ण्यावरून ऐकणारा. तिसरा, मुंबईकडे जाणाऱ्या लोकलगाडीत कानात यंत्र घालून ऐकणारा. घरातील निवांत आवाज ३५ ते ४० डेसिबलच्या आसपास धरला आणि धावत्या गाडीच्या डब्यातील ८० च्या घरात, तर तिसऱ्या श्रोत्याला ३२ डेसिबल अंतराचे भजन मूळ रूपात ऐकणे अशक्य आहे : हळू ओळ ऐकू यावी इतका आवाज वाढविला, तर मोठी ओळ कानाला इजा करील. त्याच्यासाठी संकोचन ही विकृती नसून सोय आहे. त्याविना हळू ओळ त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाही. अडचण येते ती एकाच मुद्रिकेने तिघांचे समाधान करावयाचे ठरविले म्हणजे. तेव्हा ती सर्वांत गोंगाटाच्या स्थळासाठी तयार होते, आणि शांत घरातील श्रोता व अभ्यासक यांनाही तीच मिळते.

कर्ण्याच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली. ती कालसरासरीने मोजली जाते. संकोचित मुद्रिकेचे माथे असंकोचित मुद्रिकेइतकेच उंच राहिले, तरी तिची सरासरी अधिक असते. ध्वनिक्षेपकाची गुंडी न हलविताही केवळ मुद्रिका बदलल्याने परिसरातील ध्वनी वाढू शकतो. संकोचनाचा प्रश्न अशा रीतीने सौंदर्यशास्त्राच्या बाहेर, शेजाऱ्याच्या झोपेपर्यंत पोहोचतो.

व्यापारी स्पर्धेने या प्रवृत्तीला खतपाणी घातले. दोन मुद्रिका लागोपाठ ऐकविल्या, तर थोडी मोठी असलेली अधिक चांगली वाटते, ही कानाची जुनी खोड. तिचा लाभ घेण्यासाठी १९९० नंतर जगभरच्या कंपन्यांनी सरासरी पातळी वाढवीत नेली. मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या २००८ सालच्या संग्रहावर त्याच्याच चाहत्यांनी जाहीर आक्षेप घेतले, ते याच कारणास्तव. पुढे प्रसारणसंस्थांनी कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याची प्रमाणित पद्धत स्वीकारली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस २००६ ची, आणि तिच्या आधारे युरोपीय प्रसारणसंघाने केलेला नियम २०१० चा. महाजालावरून गाणी ऐकविणाऱ्या प्रमुख सेवाही आता सर्व गाणी समान मोठेपणाला आणून ऐकविण्याची व्यवस्था ठेवतात. त्यामुळे जड संकोचनाने मिळणारा मोठेपणा तेथे काढून घेतला जातो, आणि शिल्लक राहतो तो केवळ सपाटपणा.

६

संगीताच्या अभ्यासकाला यातून कोणता धडा घ्यावयाचा? जुन्या मुद्रिकांच्या बाबतीत एक दक्षता अभ्यासक आधीपासून घेत आले आहेत. लाखेच्या मुद्रिकेवर ७८ फेरे असे गृहीत धरले, तरी मुद्रण नेहमीच त्या वेगाने झालेले नसे. वेग चुकला की गायकाची पट्टीही चुकीची ठरते. म्हणून पट्टीविषयी विधान करण्यापूर्वी वेगाची शहानिशा केली जाते. आवाजाच्या चढउताराविषयी विधान करण्यापूर्वी संकोचनाची शहानिशा करणे हा त्याच दक्षतेचा पुढचा टप्पा होय.

साहित्याच्या क्षेत्रात अशा शिस्तीचा आदर्श महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा प्रत्येक हस्तलिखिताची परंपरा तपासल्यावाचून त्याचा पाठ प्रमाण मानला नाही. ध्वनिमुद्रिकेलाही अशी परंपरा असते : मूळ फीत, तीवरून काढलेली तबकडी, पुढील पुनर्मुद्रण, आणि अखेर महाजालावरील प्रत. प्रत्येक पायरीवर कोणीतरी चढउताराला हात लावलेला असण्याचा संभव असतो. तरीही प्रबंधांत ‘ध्वनिमुद्रिका ऐकली’ एवढाच उल्लेख पुरेसा मानला जातो. हस्तलिखिताच्या बाबतीत हे कोणी चालवून घेतले नसते.

यासाठी तीन नियम पाळता येतील. पहिला, ज्या प्रतीवरून निरीक्षण केले ती कोणत्या आवृत्तीची, हे नोंदवावे. दुसरा, दोन प्रतींची तुलना करताना आधी त्यांचा सरासरी मोठेपणा समान करावा. तसे न केल्यास मोठी प्रत आपोआप जिंकते आणि तुलना व्यर्थ होते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा, निष्कर्षांचे दोन वर्ग करावेत : स्वर, लय, शब्दक्रम आणि बंदिशीची मांडणी यांविषयीचे निष्कर्ष एका वर्गात, आवाजाचा जोर, श्वास, स्फोट आणि विरणे यांविषयीचे दुसऱ्या वर्गात. पहिल्या वर्गाला एक मुद्रिका पुरेल. दुसऱ्या वर्गाला मूळ फीत, मैफलीचे असंस्कारित मुद्रण, किंवा निदान एकाहून अधिक प्रतींचा आधार हवा. ग्रंथालये आणि संग्रहालये जुन्या फितींचे अंकीकरण करीत आहेत. त्यांनी ऐकण्यास सुलभ अशी प्रत अवश्य सिद्ध करावी, परंतु कोणताही संस्कार न केलेली प्रत तिच्याशेजारी जपून ठेवावी. ती प्रत नष्ट झाली, तर पुढील पिढीला काकूचा अभ्यास करण्याचे साधन उरणार नाही. कारण संकोचनाने बुजविलेले अंतर नंतर कोणत्याही यंत्राला निश्चितपणे परत काढून देता येत नाही.

संकोचनाला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. लोकलगाडीतील श्रोत्याला भजनाची हळू ओळ ऐकू येते ती त्याच्याचमुळे, आणि विवेकी मुद्रकाचा हात हा संगतकाराच्या हातासारखा असू शकतो. संगतकाराच्या कामाची चर्चा गायकापासून वेगळी काढून केली जाते, त्याचे नाव घेतले जाते, आणि त्याने गायकाला उचलून धरले की झाकले हे सांगितले जाते. मुद्रकाच्या कामाचीही अशीच चर्चा सुरू होणे आवश्यक आहे. तोवर मुद्रित भजनाची समीक्षा दोघांनी मिळून केलेले काम एकाच्याच नावावर मांडीत राहील.